रक्त फिकं पडल्यावर

कुत्र्यांच्या थाळ्या घासायला उकिडवी बसले होते आणि मांडीला ओल लागली. शिंतोडा उडाला असेल म्हणून आधी लक्ष दिलं नाही, पण नळाचं पाणी गार असतं आणि हे गार नव्हतं. नळ तसाच सोडून मागच्या मोरीत गेले, बघितलं तर डाग. फार नाही, बोटाएवढा, तपकिरीकडे झुकलेला. पाळीची वेळ नव्हती, पाळीला अजून चांगला अवकाश होता. भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि मनात म्हटलं, झालं, मेले मी आता. इतर बायका डाग दिसला नाही की हवालदिल होतात. माझं सगळंच जगावेगळं, मला दिसला म्हणून घाम फुटला. कारण ह्या घरात माझ्या अंगातून रक्त कधी जातं ह्यावर माझं सगळं टांगलेलं होतं. ते आपल्या वेळेला आलं तर मी वाचत होते, भलत्या वेळेला आलं तर नाही. बाहेर नळ वाहत होता, थाळ्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि वन्सं स्वयंपाकघरातून विचारत होत्या की पाणी काय फुकट येतं का.

हे नीट सांगायचं तर मास्तरपासून सुरुवात करायला हवी. मास्तर म्हणजे माझा नवरा. तो मुलांना शिकवत नाही, कुत्र्यांना शिकवतो. गोदामं राखायची, बंगले राखायचे, सांगितलं की धरायचं, सांगितलं की सोडायचं. शिवाय पैदास करतो. घरामागच्या अंगणात सिमेंटचे गाळे आहेत, प्रत्येकाला जाळीचं दार, आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर माणसाचा एक फोटो नाही, सगळी कुत्री. लोक लांबून त्याचा सल्ला घ्यायला येतात आणि त्याचा सल्ला खरा निघतो, हे कबूल करायलाच हवं. कुत्री माजावर आली की आधी तिला रक्त जातं. त्या दिवसांत नर नेऊन काही उपयोग नसतो. थांबायचं. रक्त लालाचं फिकं होतं, पाण्यासारखं होतं, तेव्हा तिची वेळ झाली असं समजायचं. तेव्हा जोड लावली की पिल्लं हमखास. हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं आणि त्या जोरावर त्याने किती पिल्लं विकली त्याला गणती नाही. आता मला सांगा, ज्याची विद्या अंगणात रोज खरी ठरते तो ती घरात आणल्याशिवाय राहील का? लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझी पाळी सरत आली तेव्हा त्याने विचारलं, फिकं झालं का. मला वाटलं काळजीने विचारतोय. कपाळ माझं. पुढचे चार-पाच दिवस तो रोज आला, कामावर आल्यासारखा, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवून. ते दिवस सरले की महिनाभर माझ्याकडे ढुंकून बघायचा नाही. उतरला माज, म्हणायचा, माझ्या तोंडावर. मी नववीत असताना शास्त्राच्या बाईंनी फळ्यावर खडूने काढून दाखवलं होतं आणि आम्ही पोरी खाली माना घालून खिदळत होतो. बाईचं जे रक्त जातं ते जुनं, उरलेलं, अंडं सुटतं ते पुढे, दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर. कुत्रीचं नेमकं उलटं, तिचं रक्त आधी वर्दी द्यायला येतं. म्हणजे मास्तर माझ्याकडे यायचा तो नेमका काही व्हायची शक्यता कमीत कमी असताना, आणि खऱ्या धोक्याच्या दिवसांत तो अंगणात साखळ्या मोजत बसायचा. हे माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं त्या दिवशी मी तोंडात टॉवेल कोंबून हसले. मग मूग गिळून बसले ती बसलेच. वर्षं गेली. मूल होत नाही म्हणून तो मला मारायचा, पट्ट्याने, कधी साखळीने, एकदा तर थाळीने, माझ्या भुवईवर अजून खूण आहे. आणि मार खाताना मला आत कुठेतरी बरं वाटायचं. मार बाबा, मार हवं तेवढं, तुझं आणखी एक ह्या जगात मी आणणार नाही. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

पण त्या महिन्यात घोटाळा झाला. त्याने शिकवून विकलेलं एक कुत्रं मालकालाच चावलं, मालक हाताला पट्टी बांधून आला आणि भर अंगणात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, मास्तरला म्हणाला की तुझी विद्या खोटी आहे. मास्तरने मान खाली घालून ऐकून घेतलं, कुत्रं परत घेतलं, फाटकापर्यंत पोचवायला गेला. मी कोठीच्या खोलीत पोती लावत होते. तो आत आला आणि दार लोटलं. ते पैदाशीसाठी नव्हतंच. ते मारणंच होतं, फक्त त्या वेळी त्याने पट्टा वापरला नाही. त्या खोलीतला कोरड्या खाण्याचा वास अजूनही आला की मला उमासे येतात. पोत्याची शिवण गालात रुतली होती, तिचे टाके संध्याकाळपर्यंत उमटलेले होते, आणि वन्सं म्हणाल्या, दुपारची झोपली होतीस वाटतं. वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असतात. मी हो म्हटलं. तोंडाने हो म्हटलं आणि मनात हिशेब चालला होता, कारण तो मध्यावरचा काळ होता, अगदी फळ्यावर बाईंनी जिथे खडूने गोल केला होता तिथला. वर्षानुवर्षं सांभाळलेलं एका दुपारी गेलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लांचं जंताचं औषध आणायच्या निमित्ताने बाहेर पडले. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात एक बाई बसते, सदा कोणाला तरी फोनवर झापत असते. त्या दिवशी तिने माझ्या गालाकडे बघितलं आणि फोन ठेवला. मी काय मागतेय ते मला धड बोलता येईना, पण ह्या बायकांना अर्ध्या शब्दात कळतं. तिने खोका काढला आणि समजावून सांगायला लागली. मला समजवा असं कोणी म्हटलं होतं, पण एकेक शब्द अजून कानात आहे. ती म्हणाली, ही पाडायची गोळी नव्हे, तसं कोणी सांगितलं तर खोटं. अंडं सुटायच्या आधी रक्तात हार्मोनची एक लाट उठते, ही गोळी ती लाटच उठू देत नाही, म्हणून अंडं अडून राहतं. अंडं आधीच सुटून गेलं असेल तर गोळी काही कामाची नाही, आणि गर्भ राहिलाच असेल तर त्याला ही धक्का लावत नाही. तीन दिवसांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. मळमळेल, डोकं दुखेल, छाती भरून दुखेल. मधेच डाग दिसतील, त्याला पाळी समजायचं नाही. पुढची पाळी आठवडाभर अलीकडे येईल नाहीतर पलीकडे जाईल, त्याहून जास्त लांबली तर तपासून घ्यायचं. मी गोळी तिथेच तिच्या बाटलीतल्या पाण्याने गिळली. मग ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "एक लक्षात ठेवा. अंडं नुसतं अडवलंय, ते संपलेलं नाही. पुढे ते सुटणार. पाळी येईपर्यंत स्वतःला जपा." जपा म्हणे. मला हसूच आलं, आणि तिला वाटलं असेल बाई बावचळली आहे.

तर मोरीतला डाग हा गोळीचा डाग होता. हे ध्यानात आलं तेव्हा क्षणभर हायसं वाटलं, आणि पाठोपाठ पुढचं सगळं दिसलं. रक्त म्हणजे माज, एवढंच त्या माणसाला कळतं. आज डाग आहे, परवा फिका पडेल. फिका पडला की तो घड्याळ काढून ठेवणार. आणि अंडं, जे एव्हाना सुटून विरघळून गेलेलं असायचं, ते गोळीने अडवल्यामुळे आत वाट बघत बसलेलं असणार, आज सुटेल की उद्या. इतकी वर्षं त्याचं गणित उलटं होतं म्हणून मी जगले, आणि आता माझ्याच गोळीने ते सुलटं करून दिलं होतं. डाग लपवायला हवा होता. कपडा धुतला, जाडी घडी घेतली, नळ बंद केला, थाळ्या उचलल्या आणि चेहऱ्यावर काही न दाखवता गाळ्यांपुढून निघाले. पहिल्या गाळ्यात एक म्हातारा नर असतो, आंधळा, दिवसभर पडून. तो उठला. जाळीला नाक लावून माझ्या बाजूने चालत आला, मी पुढे सरकले तर तोही सरकला. मास्तर समोर पट्ट्यांना तेल लावत बसला होता. त्याने कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लवकर आली?" म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरचा आनंद होता. मला वाटतं मी मान हलवली. मग तो वन्संना ऐकू जाईल असं सांगू लागला की नर अंगाला लागला की मादी वेळेआधी माजावर येते, त्याच्या बापाने हे कितीदा पाहिलं होतं. कोठीतल्या दुपारचं श्रेय तो असं घेत होता. कुत्रा अजून नाक खुपसून हुंगत होता, आणि त्या आंधळ्या जनावराचा मला असा राग आला की थाळ्या त्याच्या तोंडावर फेकाव्यात.

विद्या खोटी आहे हे शब्द मास्तरला लागले होते. ह्या वेळी चूक नको, म्हणाला. माजावरची कुत्री मोकळी सोडत नाहीत, कुठला भलता नर कुंपण ओलांडून येईल सांगता येत नाही, म्हणून तिला वेगळं ठेवतात. त्याने मला गाळ्यांच्या टोकाच्या खोलीत ठेवलं, जिथे कुत्र्या वितात. तिथे लाकडी फळ्यांची बैठी खाट आहे, उबेसाठी टांगलेला मोठा दिवा आहे, जमिनीला मोरीकडे उतार आहे, आणि दाराला कडी बाहेरून. मला तिथली घाण रोज धुवायची सवय, पण दार बाहेरून लागल्याचा आवाज आतून पहिल्यांदाच ऐकला. छाती दुखत होती, कुशीवर वळलं तरी दुखत होती. तोंडाला आंबट पाणी सुटत होतं. माझ्या अंगात काहीतरी अडवलेलं आहे आणि ते धक्के देतंय असं वाटायचं, आणि मी पोटावर हात दाबून त्याला सांगायची, थांब गं बाई, आज नको, अजून नको. वेडीच झाले होते म्हणा. वन्सं चहा-पाव घेऊन आल्या, तेव्हा दाराच्या फटीतून मी त्यांना सगळं सांगितलं, गोळी, डाग, अंडं, सगळं. म्हटलं, वन्सं, पाया पडते, नाक्यावर जा, औषधवालीकडून आणखी एक गोळी आणा. त्यांनी मागे वळून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्याचं उलटं आहे ते मला पहिल्यापासून माहीत आहे. मीच त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आतापर्यंत तुझी किती बाळंतपणं झाली असती, विचार कर." मी म्हटलं, मग आणा ना. तर म्हणाल्या, "मला गप्प बसता येतं. त्याहून जास्त मला ह्या घरात जमत नाही." आणि कप तिथेच ठेवून गेल्या. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. तरी त्यांच्या त्या पहिल्या वाक्याने माझे डोळे भरून आले होते.

डाग फिका पडला. ते मी लपवू शकले नाही, तो येऊन तपासून गेला. दुपारी पुन्हा आला, घड्याळ काढलं, ठेवायला टेबल नव्हतं म्हणून खिडकीत ठेवलं. इतक्या वर्षांत मी नको म्हटलं नव्हतं असं नाही. नको म्हटलं होतं, रडले होते, दुखतंय म्हटलं होतं, एकदा पाय धरले होते. त्याने ते ऐकलं नव्हतं, म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं केलं असंही नाही, त्याला ते ऐकूच गेलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द आला नाही. त्याचा हात जवळ आला आणि मी अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले. सोडलं नाही. हाडाला दात लागल्याचं कळलं, तोंडात खारट भरलं, त्याने दुसऱ्या हाताने माझ्या कानशिलात मारली, पुन्हा मारली, डोकं फळीवर आपटलं, तरी सोडलं नाही. शेवटी मांस तुटेल असं वाटलं तेव्हा जबडा आपोआप उघडला. मी कोपऱ्यात सरकले आणि आता हा जीव घेतो म्हणून हात डोक्यावर घेतले. काहीच झालं नाही. हात खाली करून बघितलं तर तो खिडकीच्या उजेडात आपला हात धरून जखम बघत होता, बारकाईने, गिऱ्हाइकाच्या कुत्र्याची बघावी तशी. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. "अजून वेळ नाही," तो म्हणाला, स्वतःशीच, घड्याळ उचललं आणि बाहेर जाऊन कडी घातली.

मग मला आठवलं. वेळ झालेली नसली की कुत्री नराला फाडते. तेव्हा तिला बांधून, मुसकं घालून जोड लावणारे लोक असतात, आणि त्यांना मास्तर भिकारडे म्हणतो. आपल्या अंगणात असलं कधी होणार नाही, ती नाही म्हणते म्हणजे नाही, असं तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगतो. मी ते शंभरदा ऐकलं होतं. फळीवर बसून रक्त थुंकत होते, कान वाजत होता, आणि असा संताप आला, असा संताप, की वाचले ह्याचा आनंदही त्यात जळून गेला. माझं रडणं त्याला कळलं नाही, माझे शब्द कळले नाहीत, आणि दात कळले. म्हणजे त्याला ‘नाही’ म्हटलेलं कळत होतं. रोज कळत होतं. फक्त बाईच्या तोंडून आलेलं कळून घ्यायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी तो आला, मी दंडाला चावले. तिसऱ्या दिवशी दार उघडताच मी फळीवरून नुसती उठून उभी राहिले आणि दात दाखवले, तर मेला उंबऱ्यातूनच परतला. असे काही दिवस गेले. मग हा माज फुकट गेला, असं वन्संना सांगून त्याने कडी काढली आणि मला थाळ्या घासायला लावलं.

पण मी सुटले नव्हते. कोठीतली ती दुपार उरलीच होती. गोळी वेळेत पोचली की अंडं तिच्या आधीच सुटलं होतं, हे मला कोण सांगणार? पाळीची नेहमीची वेळ आली आणि गेली. दुकानातल्या बाईने सांगितलेलं होतं, लांबेल, आठवडाभर लांबेल, घाबरू नका, पण सांगितलेलं डोक्यात असतं आणि भीती पोटात. कधी कुशीत कळ आली की आशेने मोरीत धावायची, कोरडीच परत यायची. छातीचं दुखणं हे गोळीचं की गर्भाचं? मळमळ कशाची? वन्सं माझ्या ताटाकडे बघायच्या, मी किती खाते, काय टाकते. माझी मळमळ मास्तरच्याही नजरेत आली असावी, एका सकाळी त्याने मला गाळ्याजवळ उभं केलं आणि दोन बोटांनी पोट चाचपलं, गाभण कुत्रीचं चाचपतात तसं, खोल, नखं रुतेपर्यंत. मग हसला. तो हसला त्या क्षणी मी ठरवलं की ह्याचं काही माझ्या आत असेल तर मी त्याच्यासकट विहीर जवळ करीन, पण त्याला मिळू देणार नाही. त्याच आठवड्यात, गाळे धुताना, कमरेतून कळ निघाली आणि हातातला झाडू गळून पडला. ह्या वेळी डाग नव्हता, धार होती, लालभडक, माझी. मी त्या ओल्या सिमेंटवर बसले आणि हुंदके देऊन रडले. आजूबाजूची कुत्री भुंकायची थांबली होती. रक्त मोरीच्या उताराने चाललं होतं आणि मी त्याला हात लावून बघत होते, खरंच आहे ना म्हणून.

आता सगळं पूर्ववत झालं होतं. पाळी संपेल, रक्त फिकं पडेल, तो येईल, आणि ते दिवस पुन्हा तेच, काही न होण्याचे. छताकडे बघत पडून राहायचं की झालं. वर्षानुवर्षं तेच तर केलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी तो खोलीत आला, घड्याळ टेबलावर ठेवलं. भीतीचं काही कारण नव्हतं. अंड्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याच्या गालाला चावले. पूर्ण जीव एकवटून, डोळ्याच्या खाली. तो ओरडला, मागे पडला, टेबल कोलमडलं. गाल धरून माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या नजरेत पहिल्यांदा रागाच्या आधी गोंधळ दिसला. "वेळ झालीय की," तो म्हणाला. "फिकं पडलंय, मी बघितलंय." मग पट्टा काढला. दोन फटके खांद्यावर बसले, तिसरा मी हातात धरला आणि ओढला, आणि तो लटपटला तसा दार उघडून अंगणात आले. तिथे दोघं गिऱ्हाइकं कुत्री घेऊन त्याची वाट बघत बसली होती, आणि वन्सं चहाचे कप गोळा करत होत्या. तो मागून आला, गालातून रक्त गळत. सगळे उठून उभे राहिले.

मी गाळ्यांच्या मधोमध उभी राहून म्हटलं, "तुझं गणित उलटं आहे. बाई कुत्रीच्या उलट असते. रक्त जाऊन फिकं पडलं की तिच्या आत काही नसतं, जे असतं ते पुढे, दोन पाळ्यांच्या मध्यावर. पहिल्या महिन्यापासून तू चुकतोयस आणि मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे."  गिऱ्हाइकांतला एक खाली बघायला लागला, त्याला हसू आवरत नव्हतं असं वाटतं. मास्तरने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग बहिणीकडे, लहान भाऊ बघतो तसा, ही खोटं बोलतेय ना म्हणून. वन्संच्या हातात कप होते. त्यांनी ते एकात एक घातले, ट्रेमध्ये ठेवले, आणि म्हणाल्या, "खरं आहे."

हे सांगितलं म्हणजे त्या घरात परत जाण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, हे मला कळत होतं. आता त्याला सगळं माहीत होतं, कुठल्या दिवशी यायचं ते सुद्धा, पुन्हा त्या छताखाली झोपले तर पुढच्या मध्यावर तो बरोबर येणार. अंगावरचे कपडे, खांद्यावरचे वळ, तोंडात त्याची चव. वन्संनी माझ्याकडे बघितलं नाही, पण फाटकाच्या वाटेत उभ्या होत्या त्या बाजूला झाल्या. मास्तरने दोन पावलं टाकली आणि थांबला, कारण गिऱ्हाइकं बघत होती. मी फाटकाबाहेर आले, कुत्री रस्त्यावर येऊ नयेत म्हणून वळून बाहेरून कडी घातली, आणि नाक्याकडे चालू लागले.